संभाजीनगरातला दोन दिवसांचा स्क्रम क्लास: रविवारसाठी जा, शनिवार सहन करा

आधी निकालच सांगते, म्हणजे घाईत असणाऱ्यांना पूर्ण वाचायची गरज नाही. स्क्रम म्हणजे सॉफ्टवेअरचं काम छोट्या-छोट्या टप्प्यांत करायची एक पद्धत. क्लास चांगलाय, शिकवणारे सर मनापासून शिकवतात, पण जाहिरातीत जे सर्टिफिकेट दाखवतात ते तुम्हाला वाटतंय ते नाही, आणि आपल्या मराठवाड्यातल्या छोट्या सॉफ्टवेअर कंपन्या जिथं खरंच अडतात त्या गोष्टीवर दोन दिवसांत मिळून दहा-पंधरा मिनिटंच दिली. पाचपैकी साडेतीन. साडेतीनातला अडीच रविवारचा आहे.

क्लासचं नाव लिहीत नाही. शहर एवढंसं, सर अर्ध्या चिकलठाण्याच्या ओळखीचे, आणि मला भांडण करायचं नाही. सिडकोत आहे, वरच्या मजल्यावर, ज्यांना जायचंय त्यांना विचारलं की कळतंच. फी साडेसहा हजार, जेवण आणि चहा त्यातच. जेवण ठीक. एसी इतका जोरात की सगळे दुपारपर्यंत ओढण्या-जॅकेटं घेऊन बसलेले, आणि हे बाहेर उन्हानं डोकं तापत असताना.

माझं काम काय ते सांगते, नाहीतर मी कुठून बोलतेय ते कळणार नाही. चिकलठाणा एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत मी टेस्टिंगला लागले होते, आता एका टीमचं बघते. आमच्याकडं दोन प्रकारची कामं, एक म्हणजे पुण्याच्या कंपनीचं बाहेरून आलेलं काम, ज्यात रोज सकाळी त्यांचा कॉल असतो, आणि दुसरं आमचं स्वतःचं, मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, आडत दुकानांचं सॉफ्टवेअर. पट्टी (शेतकऱ्याच्या मालाच्या हिशोबाचा कागद), उचल (शेतकऱ्यानं आधी घेतलेले पैसे), हमाली, तोलाई, बारदाना, रोजकीर्द, खातेवही, सगळं त्यात. लातूरला गिऱ्हाईकं जास्त. पुणेवाल्यांच्या कामात स्क्रम आहेच, म्हणजे नावाला आहे, आणि मोंढ्याच्या कामात काहीच नव्हतं, शेठचा फोन आला की काम बदलायचं एवढीच पद्धत. मालक म्हणले जाऊन ये, कंपनी पैसे देती, म्हणून गेले.

शनिवारची सकाळ पूर्ण स्लाइडवर. वॉटरफॉल (एक टप्पा पूर्ण संपवून मगच पुढचा) वाईट, ॲजाईल (थोडं थोडं करून दाखवत, बदलत जायचं, स्क्रम त्यातलीच एक पद्धत) चांगलं, हे सांगायला दोन तास. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेत युटा राज्यात स्नोबर्ड नावाच्या बर्फाच्या रिसॉर्टवर १७ जण जमले आणि त्यांनी ॲजाईल मॅनिफेस्टो, म्हणजे जाहीरनामा, लिहिला, त्यात ४ मूल्यं आणि १२ तत्त्वं, हे तुम्हाला कुठल्याही क्लासशिवाय मिळतं. सरांनी इथं एक गोष्ट चुकीची सांगितली, ती लिहिते कारण ही चूक सगळीकडंच फिरते. ते म्हणले वॉटरफॉल १९७० ला विन्स्टन रॉयसनं शोधला आणि जगाला चुकीच्या रस्त्याला लावलं. तसं नाहीये. रॉयसच्या पेपरात ते एकाखाली एक चौकोनांचं चित्र आहे खरं, पण त्याच्या लगेच खाली तो स्वतःच लिहितो की असं केलं तर धोका आहे, टेस्टिंग शेवटी आलं की सगळं उलटून येतं. आणि वॉटरफॉल हा शब्दही त्या पेपरात नाही. बिचाऱ्याच्या नावावर नुसतं चित्र राहिलं, खालचं कुणी वाचलं नाही. टेस्टिंगवाली म्हणून मला त्याच्याबद्दल जरा जास्तच वाटतं.

दुसरं म्हणजे डॉक्युमेंट. क्लासमधल्या निम्म्या पोरांचा समज असा की ॲजाईल म्हणजे कागद करायचा नाही, तोंडी चालायचं. सरांनी तो समज तोडला नाही, उलट हसून सोडून दिलं. त्या मॅनिफेस्टोतच शेवटी स्वच्छ लिहिलंय की उजवीकडच्या (कागदासारख्या) गोष्टींनाही किंमत आहे, डावीकडच्यांना (चालणाऱ्या सॉफ्टवेअरसारख्या) जास्त आहे, एवढंच. चालणारं सॉफ्टवेअर महत्त्वाचं, पण कागद फाडून टाका असं कुणी म्हणलं नाही. आपल्याकडं तर उलटंच व्हायलंय, आधीच कागद करायचा कंटाळा, त्यात आता त्याला इंग्रजी नाव मिळालं.

शनिवारी दुपारी स्क्रम. तीन जबाबदाऱ्या, पाच कार्यक्रम, तीन वस्तू, हे सरांनी फळ्यावर छान काढलं आणि मग त्या स्क्रम गाईडची प्रिंट वाटली. इथं एक सल्ला. हे गाईड फुकट आहे, केन श्वेबर आणि जेफ सदरलँड या दोघांनी लिहिलेलं, आत्ताची आवृत्ती नोव्हेंबर २०२० ची, पंधरा पानंसुद्धा नाहीत. क्लासला जायच्या आधी एकदा वाचून जा. मी वाचून गेले होते म्हणून मजा आली, कारण अर्ध्या गोष्टी ज्या आम्ही रोज ऑफिसात स्क्रम म्हणून करतो त्या गाईडमध्ये नाहीतच. स्टोरी पॉइंट, म्हणजे काम किती मोठं त्याचा अंदाजी आकडा, नाहीत. व्हेलॉसिटी, म्हणजे एका टप्प्यात टीमनं संपवलेल्या पॉइंटांची बेरीज, नाही. रोजच्या मीटिंगचे ते तीन प्रश्न, काल काय केलं, आज काय करणार, काही अडचण आहे का, ते २०२० च्या आवृत्तीत काढूनच टाकलेत. सर तेच तीन प्रश्न शिकवत होते, तर नांदेडहून आलेली एक पोरगी उभी राहिली आणि म्हणली, "सर, हे तर काढलंय ना आता?" सर क्षणभर थांबले, मग म्हणले, "हो, पण कंपन्यांत अजून विचारतात, म्हणून सांगतो." प्रामाणिक उत्तर होतं, मला आवडलं. गाईडचं म्हणणं एवढंच की पंधरा मिनिटांत टीमनं स्प्रिंटच्या, म्हणजे चालू टप्प्याच्या, उद्दिष्टाकडं आपण जायलोय का ते बघावं आणि पुढच्या दिवसाचं ठरवावं, कसं बोलायचं ते तुमचं तुम्ही बघा. आणि ही मीटिंग टीमची आहे, साहेबाची नाही. आमच्या पुण्याच्या कॉलला कुणी येऊन बघावं, एकेक जण हजेरी दिल्यासारखा बोलतो, समोरचा साहेब कॅमेरा बंद करून "नेक्स्ट" म्हणतो, त्यात एकमेकांचं कुणी ऐकतच नाही.

बरं, आता शनिवारची संध्याकाळ, जिथून क्लासचे पैसे वसूल व्हायला लागले. प्लॅनिंग पोकर, म्हणजे पत्त्यांवरून कामाचा अंदाज लावणं. पत्ते वाटले, एक दोन तीन पाच आठ तेरा वीस चाळीस शंभर असे. २००२ मध्ये जेम्स ग्रेनिंगनं काढलेली युक्ती आहे ही, सगळ्यांनी अंदाज मनात ठरवायचा आणि पत्ता एकदमच उलटा करायचा, म्हणजे सीनियरनं "दोन दिवसांचं काम आहे" म्हणलं की बाकीचे माना हलवतात ते होत नाही. सर म्हणले कुणाची तरी खरी स्टोरी, म्हणजे वापरणाऱ्याला काय करता यायला पाहिजे ते, द्या. मी आमची दिली: मुनिमाला एकाच शेतकऱ्याच्या दोन मालांची मिळून एकच पट्टी काढता यावी. वाटतं काय त्यात, दोन ओळी आणि खाली बेरीज.

पत्ते उलटले. सगळ्यांचे तीन, एखाद-दुसरा पाच. एकाचा तेरा. उदगीरचा पोरगा, कॉलेज संपून वर्षही झालं नसेल, सगळे त्याच्याकडं बघून हसायला लागले. सरांनी हसू दिलं नाही, नियम असाय की सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी ज्यानं लावलं त्यानंच आधी बोलायचं. पोरगा म्हणला, "आमच्या चुलत्याची आडत हाय. सोयाबीन एका खरेदीदाराला गेलं, तूर दुसऱ्याला. दोन भाव, दोन पैसे यायच्या तारखा. शेतकऱ्यानं पेरणीला उचल घेतल्याली असती, ती कोणत्या मालातून कापायची? सोयाबीनचे पैसे आजच देऊन टाकले आन् तुरीचं पोतं परत काट्यावर घेतलं तर पट्टी फाडायची का नवी करायची?" बस. कुणाला उत्तर माहीत नव्हतं, मलाही नाही, आणि माझं तर ते रोजचं काम. सरांनी मग तीच स्टोरी तोडून दाखवली. आधी उचल नसलेल्या शेतकऱ्याची एकत्र पट्टी. मग उचल, पण दोन्ही मालांचे पैसे एकाच दिवशी. मग वेगवेगळ्या दिवशी. मग वजन बदललं तर दुरुस्ती. चार तुकडे, प्रत्येक तुकडा असा की मुनिमाला हातात देऊन वापरायला लावता येईल. डेटाबेस आधी, स्क्रीन नंतर, रिपोर्ट शेवटी असे आडवे तुकडे करायचे नाहीत, प्रत्येक तुकडा वरपासून खालपर्यंत पूर्ण पाहिजे, हे मी लेखांत कितीदा वाचलं असेल, पण पट्टीवर बघितलं तेव्हा ते कामाला आलं. हा एक तास खूप मोलाचा होता. आकडा तेरा का आठ याला काही अर्थच नाही, तेरा का म्हणला ते महत्त्वाचं, आणि ते सरांनी बरोबर पकडलं.

एक तक्रार इथंच. त्याच्यानंतर लगेच सर म्हणले की आता हे पॉइंट जोडून टीमची व्हेलॉसिटी काढा आणि मॅनेजमेंटला दाखवा. अहो सर, तिथंच तर घोळ होतो. मॅनेजमेंटला आकडा दाखवला की पुढच्या महिन्यात त्याच कामाला तीनच्या जागी पाच लागतात, आकडा वाढतो, काम तेवढंच. माझ्या शेजारच्या बाकावरचा वाळूजचा एक जण हळूच म्हणला, "आमच्याकडं प्रॉडक्शनचे आकडे असेच वाढत्यात, मॅडम."

हा वाळूजचा माणूस म्हणजे रविवारचा खरा हिरो. ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीला आहेत, वय पन्नाशीच्या आसपास, सॉफ्टवेअरशी संबंध एवढाच की कंपनीत नवीन सॉफ्टवेअर बसवायलेत आणि मालकानं यांना पाठवलं. सगळे त्यांना काका म्हणायला लागले. रविवारी सकाळी सरांनी कानबान, म्हणजे कार्डं लावून काम पुढं सरकवायची पद्धत, काढलं, टोयोटा, तिथं ती आणणारे ताईची ओनो, सगळी गोष्ट सांगायला घेतली तर काकांनी हात वर केला. म्हणले हे कार्ड आम्ही कैक वर्षं वापरतो. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ ला आला, त्याच्यामागं त्याला माल पुरवणाऱ्या किती कंपन्या उभ्या राहिल्या ते सगळ्यांना माहीतच, त्यातल्या कितीतरी शॉपफ्लोअरवर डबा, कार्ड, रंगीत पट्ट्या, सकाळी शिफ्ट सुरू व्हायच्या आधीची उभ्यानं मीटिंग हे सगळं आयटीवाल्यांच्या आधीपासून चालतंय. काका म्हणले, पुढच्या माणसाचा डबा रिकामा होऊन कार्ड परत आलं तरच मागचा माल बनवतो, नाहीतर मशीन बंद ठेवायचं पण जास्तीचा माल काढायचा नाही, "मशीन मोकळं दिसलं की साहेबाला त्रास होतो, पण जास्तीचा माल ठेवायला जागा आन् पैसा दोन्ही लागतो."

सरांचं कौतुक एवढ्यासाठी की त्यांनी स्लाइड बंद केली आणि काकांना पुढं बोलावलं. पाऊण तास काकाच बोलले. सॉफ्टवेअरमधला जास्तीचा माल दिसत नाही हीच आपली अडचण, अर्धवट केलेल्या कामाचा ढीग कुणाच्या पायाला लागत नाही. बोर्डावर कार्ड लावून, प्रत्येक रकान्यात जास्तीत जास्त किती कार्डं ठेवायची त्याची मर्यादा लिहिली, की तो ढीग दिसायला लागतो. सॉफ्टवेअरला हे कानबान डेव्हिड अँडरसननं आणलं, २००४ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टमधल्या एका टीमपासून सुरुवात.

मग नाण्यांचा खेळ. चार जण रांगेत, वीस नाणी, प्रत्येकानं प्रत्येक नाणं उलटं करून पुढच्याला द्यायचं. आधी वीसच्या वीस उलटी केल्यावर पुढं सरकवायची, मग दुसऱ्या फेरीला एक उलटं केलं की लगेच सरकवायचं. एका नाण्याला एक सेकंद धरला तर पहिल्या पद्धतीत ऐंशी सेकंद लागतात आणि पहिलं नाणंही गिऱ्हाईकाच्या हातात ऐंशीव्याच सेकंदाला पडतं. दुसऱ्या पद्धतीत पहिलं नाणं चौथ्या सेकंदाला आणि शेवटचं तेविसाव्या. हात तेच, वेग तोच. दुसऱ्या फेरीत चारही जणांना वाटतं की आपण मधेमधे रिकामे बसलो, आणि तरी सगळं लवकर संपलं. पहिल्या फेरीत मात्र प्रत्येक जण आपला ढीग जोरात उपसत होता आणि बाकीचे तिघं बसलेले. हे बघून आमच्या पुण्याच्या कामाचं सगळं चित्र डोळ्यासमोर आलं, सगळं डेव्हलपमेंट संपवून शेवटच्या तीन दिवसांत टेस्टिंगला ढीग टाकतात आणि वर विचारतात की टेस्टिंगला एवढा वेळ का लागतो.

त्याच्या मागचं गणितही सरांनी सांगितलं, लिटलचा नियम, साधाय. हातात सरासरी किती कामं आहेत त्याला आठवड्याला किती संपतात त्यानं भागा, एका कामाला सरासरी किती आठवडे लागणार ते येतं. बारा कामं हातात, आठवड्याला तीन संपतात, म्हणजे चार आठवडे. संपायचा वेग तोच ठेवून हातात सहाच घेतली तर दोन आठवडे. शेठला "लवकर देतो" म्हणून सगळ्यांचीच कामं सुरू करायची सवय आहे ना आपल्याला, कुणाला नाही म्हणवत नाही, तर त्या सवयीनंच सगळ्यांना उशीर होतो. ऑफिसात आल्यावर मी सगळ्यात आधी हेच लावलं, टेस्टिंगच्या रकान्यात दोनच्या वर कार्ड नाही. दोन भरले की डेव्हलपरनं नवीन काम घ्यायचं नाही, टेस्टिंगला हात लावायचा. आठवडाभर शिव्या खाल्ल्या. आता कुणी काढ म्हणत नाही तो नियम.

आता जे जमलं नाही ते.

प्रॉडक्ट ओनर, म्हणजे कुठलं काम आधी करायचं ते ठरवणारा. गाईडमध्ये चक्क लिहिलंय की प्रॉडक्ट ओनर हा एकच माणूस असतो, समिती नाही, आणि त्याच्या निर्णयाला सगळ्या संस्थेनं मान द्यायला पाहिजे. वाचायला एक ओळ. आमच्या लातूरच्या एका गिऱ्हाईकाकडं तीन भाऊ आहेत. थोरले गादीवर, मधले खरेदी-विक्री बघतात, धाकटे बँकेचं आणि जीएसटीचं. थोरल्यांनी सांगितलं पट्टीवर हमाली वेगळी दाखवा, ती केली, मधले म्हणले एकत्र करा, शेतकरी भांडतो. धाकट्यांचं म्हणणं बिल आणि पट्टी जुळली पाहिजे बाकी मला माहीत नाही. आणि रोज ते सॉफ्टवेअर वापरणारा मुनीम, त्याला कुणी विचारतच नाही. मी क्लासमध्ये नेमकं हेच विचारलं, की सर इथं प्रॉडक्ट ओनर कोण? सर म्हणले, "क्लायंटचा माइंडसेट बदलावा लागेल." झालं. पुढची स्लाइड.

माइंडसेट बदलायला मी कोण, मोंढ्यात त्यांच्या तीन पिढ्या गेल्या. सगळ्यात जास्त वेळ इथंच द्यायला पाहिजे होता, कारण आपल्याकडं टीम एकत्र बसवणं काही अवघड नाही, सहा-सात पोरं एका खोलीत असतातच. अडतं ते गिऱ्हाईकाच्या गादीवर. तेच ठेक्याचं. साखर कारखाना म्हणा, नगरपालिका म्हणा, टेंडरमध्ये रक्कम ठरलेली, तारीख ठरलेली, काय काय पाहिजे त्याची यादी शिक्का मारून जोडलेली, वरून उशीर झाला तर दंड. तिथं दर दोन आठवड्याला बदलाचं स्वागत कसं करायचं? जालन्याच्या एकानं विचारलं, बियाण्याच्या कंपनीचं काम करतात ते. उत्तर आलं की ॲजाईल करार करा. कसा, त्यात काय लिहायचं, पैसे कधी मागायचे, काही नाही.

आम्ही काय केलं ते सांगते, क्लासमधून नाही, आमचं आम्हीच जुळवलं. भावांना सांगितलं की बोला तिघंही, पण काम त्याच कागदावरचं होईल ज्यावर थोरल्यांची सही आहे, आणि कागदावर वरून खाली जो क्रम तोच क्रम. वर काही नवीन घातलं तर खालचं एक पुढं जाईल, ते समोरच दाखवायचं. पैसेही तसेच मागितले, पट्टी चालू झाली की एक हप्ता, उचल आणि खातेवही चालू झाली की दुसरा. आणि डेमो शेठला नाही, मुनिमाला. दुपारी सौदे आटोपले की दुकानातच लॅपटॉप त्याच्यापुढं ठेवायचा आणि आपण गप बसायचं, म्हणायचं आजच्या खऱ्या पट्ट्या यात करा. पहिल्याच वेळी मुनीम म्हणला, "मॅडम, माऊस कामून लागतो हो हर टायमाला? एक हात तर वहीवर असतो माझा." आमच्या कुणाच्याही बॅकलॉगमध्ये, म्हणजे करायच्या कामांच्या यादीत, कीबोर्डवरून पट्टी हा मुद्दा नव्हता. आता आहे, आणि त्याच एका गोष्टीवर आजूबाजूच्या दुकानांनी आम्हाला बोलावलं. गाईडमध्ये स्प्रिंट रिव्ह्यू (टप्प्याच्या शेवटी झालेलं काम दाखवायची बैठक) म्हणजे नुसतं प्रेझेंटेशन नाही असं लिहिलंय ते हेच असावं, पण क्लासमध्ये रिव्ह्यूला प्रोजेक्टर लावून टाळ्या वाजवायला शिकवलं.

रिट्रो, म्हणजे टप्पा संपल्यावर आपलं काम कसं झालं ते टीमनं बोलायची बैठक, ते पण तसंच अर्धवट. खेळ छान घेतला, चिठ्ठ्या, काय चांगलं झालं, काय सुधारायचं. पण मालक स्वतः समोर खुर्ची टाकून बसले तर काय, ते नाही सांगितलं. आमच्याकडं मालक बसले की सासऱ्यांसमोर नव्या सुनेला "काही त्रास नाही ना?" विचारल्यासारखं होतं, सगळं छानच असतं. मी मालकांना सरळ सांगितलं की तुम्ही शेवटच्या दहा मिनिटांना या, आम्ही जे ठरवलं त्यातलं तुमच्या हातातलं काय ते ऐकायला. ते आले तसे, त्यांना राग नाही आला, उलट यूपीएसची बॅटरी बदलून मिळाली, जिच्यासाठी आम्ही लाइट गेली की कितीदा रडलो होतो.

आता सर्टिफिकेट, कारण बहुतेकांना त्यासाठीच जायचंय हे मला माहिताय. जाहिरातीत मोठ्या अक्षरात आहे "सर्टिफिकेट समाविष्ट". ते त्या क्लासचं स्वतःचं, हजर राहिल्याचं. सोनेरी बॉर्डर वगैरे. पुण्या-मुंबईच्या एचआरला ते चालत नाही. चालतात ती दोन वेगळी. एक स्क्रम डॉट ऑर्ग या संस्थेची पीएसएम वन (प्रोफेशनल स्क्रम मास्टर), हिला कुठला क्लास करायची सक्तीच नाही, घरी अभ्यास करा आणि ऑनलाइन द्या, ६० मिनिटांत ८० प्रश्न, ८५ टक्के लागतात, फी डॉलरमध्ये भरायची, एकदा पास झालं की परत रिन्यू करायची भानगड नाही. प्रश्न सोपे वाटतात पण शब्दांत अडकवतात आणि वेळ पुरत नाही. दुसरी स्क्रम अलायन्स या संस्थेची सीएसएम (सर्टिफाइड स्क्रम मास्टर), तिला त्यांच्या मान्य ट्रेनरचाच क्लास करावा लागतो, परीक्षा त्यामानानं हलकी, ५० पैकी ३७ आले की झालं, पण दर दोन वर्षांनी पैसे भरून रिन्यू करा. हा सिडकोतला क्लास या दोन्हींपैकी कशातच नाही. पीएसएमची तयारी करून घेतो म्हणतात, ती करून घेतात, सराव प्रश्न चांगले होते, पण परीक्षेची फी तुमची तुम्ही. ज्या दोघांनी "समाविष्ट" वाचून पैसे भरले होते त्यांचे चेहरे बघण्यासारखे होते. हे जाहिरातीत नीट लिहा हो, एवढं चांगलं शिकवता, मग असं कशाला.

क्लासनंतर व्हॉट्सॲप ग्रुप मिळतो, आयुष्यभर सपोर्ट म्हणून. पहिला आठवडा खरंच सपोर्ट होता. आता सुप्रभात आणि पुण्यातल्या नोकऱ्यांच्या जाहिराती.

कुणी जावं? ज्यांच्या ऑफिसात स्क्रमच्या नावाखाली नुसत्या मीटिंगा चालूयत आणि का ते कळत नाही, त्यांनी जावं, आणि एकट्यानं नाही, शक्य असेल तर सोबत एक डेव्हलपर न्या, नाहीतर परत येऊन सगळ्यांना पटवण्यात जीव जातो. कॉलेजच्या पोरांनी घाई करू नका, आधी कुठंतरी सहा महिने काम करा, तोपर्यंत गाईड फुकट आहेच. मालकांनी जावं असं मला फार वाटतं, पण आमच्या बॅचला एकही नव्हता. आणि कुणाला ठेक्याच्या कामात ॲजाईल कसं बसवायचं हे शिकायचं असेल तर इथं मिळणार नाही, पैसे भरायच्या आधी फोनवर विचारा, "त्यावर किती वेळ देणार?" म्हणून. उत्तरात माइंडसेट हा शब्द आला की समजून जा.

सरांना एकच सांगणं, शनिवारची सकाळ कापा आणि तिथं काकांसारखा कुणीतरी वाळूजचा माणूस बोलवा, आणि एखादा आडत्या, नुसता प्रश्न विचारायला.

पुढची बॅच दसऱ्याच्या पुढं आहे म्हणतात. मोंढ्याची कामं करणाऱ्यांनी तेव्हा जाऊ नका, सोयाबीनची आवक चालू असती, दर तासाला कुठल्यातरी दुकानातून फोन येणार, आणि क्लासमध्ये फोन वाजला की सर दहा रुपये डब्यात टाकायला लावतात.